सहीची बिदागी

गेल्या महिन्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात गप्पांचा फड रंगला होता. विषय निघाला एका जुन्या मालिकेतल्या नटीचा. ती हल्ली म्हणे पैसे घेऊन दुकानांच्या उद्घाटनाला जाते, लोकांबरोबर फोटो काढून घेते. सगळे हळहळले. "काय दिवस आले हो बिचारीवर!" मी गप्प बसले. कारण हेच वाक्य, याहून वाईट शब्दांत, मी एकदा बोलून चुकले आहे आणि त्यापायी माझ्या नातवाच्या डोळ्यांत पाणी आणलं आहे. आज तेच सांगायला बसले आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे अमेरिकेत होते. नातू तेव्हा चौदा वर्षांचा. एका शनिवारी तो म्हणाला, "आजी, चल ना माझ्याबरोबर. कन्व्हेन्शन आहे." मला वाटलं, आपल्या साहित्य संमेलनासारखं काहीतरी असेल. परिसंवाद, पुस्तकांचे गाळे, आणि शेवटी जेवणाच्या रांगेत धक्काबुक्की! जावयांनी आम्हाला गाडीने सोडलं.

आत पाहते तो काय, विमानतळाएवढा हॉल आणि त्यात चित्रविचित्र वेषातली हजारो माणसं. कुणाचे कान टोकदार, कुणाचं तोंड निळं. चांगली पन्नाशीची, पोट सुटलेली माणसं लाल-पिवळे गणवेष घालून लहान मुलांसारखी हिंडत होती. मी पडले शाळामास्तरीण, गणवेष पाहून मला बरंच वाटलं! पण हॉलच्या एका बाजूला टेबलांची रांग होती, आणि एकेका टेबलामागे एकेक नट किंवा नटी. पुढे स्वतःच्या तरुणपणीच्या फोटोंचे गठ्ठे, बाजूला दरपत्रक. सही चाळीस डॉलर. म्हणजे आपले सवातीन हजार रुपये! ज्यांच्यासमोर लांब रांग होती त्यांचं ठीक. पण काही टेबलांपुढे कुणीच नव्हतं. ती वयस्कर माणसं येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसत होती आणि तो माणूस पुढे निघून गेला की हसू आवरून घेत होती.

मला ते बघवेना. रांगेत उभी असताना मी नातवाला म्हटलं, "अरे, ही तर भीकच झाली की. एवढी नावाजलेली माणसं, आणि म्हातारपणी अशी सह्या विकत बसलीत!"

तो काही बोलला नाही. खाली मान घालून उभा राहिला. मग पाहिलं तर डोळे भरलेले. खाऊचे पैसे साठवून तो या रांगेत उभा होता हो, आणि मी त्याच्या देवाला भिकारी म्हटलं होतं.

इथे थोडं मागं जायला हवं. ज्या मालिकेसाठी तो आला होता तिचं नाव 'स्टार ट्रेक'. ऐंशीच्या दशकात ती आपल्या दूरदर्शनवर लागायची, तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. आमच्याकडे तेव्हा कृष्णधवल संच होता, आणि आमच्या ह्यांना या मालिकेचं भारी वेड. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, मी आपली स्वयंपाकघरात. पुढे २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि आजोबा-नातवाने मिळून एक उद्योग काढला. दर रविवारी आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. दोघांनी फोनवर एकमेकांना समोर ठेवून एकेक भाग पाहायचा आणि नंतर त्यावर तासभर वाद घालायचा. एकूण ७९ भाग. त्यांचे ६१ झाले. २०२१ मध्ये हे गेले, आणि ते रविवार थांबले.

ही मालिका अमेरिकेत सप्टेंबर १९६६ मध्ये सुरू झाली आणि जून १९६९ मध्ये, तीनच हंगामांत, बंद पडली. दुसऱ्या हंगामाच्या वेळीच ती बंद होणार अशी चिन्हं होती. प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून तिसरा हंगाम तरी निघाला. खरी लोकप्रियता आली ती नंतर, सत्तरच्या दशकात, गावोगावची केंद्रं जुने भाग पुन्हा पुन्हा दाखवू लागली तेव्हा. पण गंमत अशी, की त्या काळच्या करारांप्रमाणे नटांना पहिल्या काही पुनःप्रक्षेपणांचेच पैसे मिळत. त्यानंतर मालिका शंभरदा दाखवली तरी त्यांच्या हाती छदाम नाही. चेहरा घरोघरी पोचला, पण घरी पैसा नाही. शिवाय तो चेहरा इतका ठसलेला की दुसरी भूमिका द्यायला कुणी तयार नाही. मालिकेतला कप्तान झालेला विल्यम शॅटनर, मालिका संपल्यावर काही काळ ट्रकवर बसवलेल्या खोपटात राहून गावोगावी नाटकं करत हिंडला, हे त्याने स्वतःच सांगितलं आहे.

अशा वेळी प्रेक्षकांनीच संमेलनं भरवायला सुरुवात केली. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात पहिलं मोठं संमेलन भरलं. भरवणाऱ्यांनी पाचएकशे माणसं धरली होती, आली तीन हजारांवर. तिथून ही प्रथा पडली आणि नटांचा एक नवाच प्रवास सुरू झाला. शुक्रवारी विमान, शनिवार-रविवार हॉल, रविवारी रात्री परत. पुढच्या आठवड्यात दुसरं शहर, पण तसंच हॉटेल, तसाच हॉल, आणि तेच प्रश्न. आपल्याकडच्या नाटकाच्या दौऱ्यासारखंच म्हणा ना. फरक एवढाच, की नाटकवाला दौऱ्यावर नाटक करतो. इथे नाटक कधीच संपलेलं असतं, आणि ते केलेल्या माणसालाच लोक भेटायला येतात.

व्यवहार कसा चालतो तेही नातवाकडून समजून घेतलं. मोठ्या पाहुण्याला आयोजक एक किमान रक्कम कबूल करतात. सह्या आणि फोटो यांतून त्याहून जास्त जमले तर जास्तीचे त्याचे, कमी जमले तर उरलेली भर आयोजक घालतात. ज्याला असा शब्द दिलेला नसतो त्याचं सगळं रांगेवर अवलंबून. म्हणजे रिकामं टेबल म्हणजे रिकामा खिसा, शिवाय शेजारच्या लांब रांगेकडे दिवसभर बघणं आलंच. टेबलाशी एक मदतनीस असतो. पैसे तो घेतो, आणि कुणाच्या नावे सही हवी ते पिवळ्या चिकट चिठ्ठीवर लिहून देतो, म्हणजे स्पेलिंग चुकत नाही.

याला मी भीक म्हटलं. आता विचार करते तेव्हा वाटतं, आपण कीर्तनकाराला बिदागी देतो, भटजींना दक्षिणा देतो, प्रमुख पाहुण्याच्या हातात पाकीट देतो. ते घेताना त्यांची मान खाली जावी असं आपल्याला वाटत नाही. मी स्वतः छत्तीस वर्षं पगार घेऊन शिकवलं. पगार घेतला म्हणून शिकवणं खोटं झालं नाही. मग सहीचे पैसे घेतले तर ते लाजिरवाणं का? फुकट काम करणाराच तेवढा थोर, ही आपली जुनी खोड आहे. आणि ती पाळायला आपण नेहमी दुसऱ्याला सांगतो!

शिवाय चाळीस डॉलरमध्ये माणूस फक्त सही घेत नाही. तो काहीतरी सांगायला आलेला असतो. त्या टेबलामागचं खरं काम लिहिण्याचं नाही, ऐकण्याचं आहे.

याची दोन-तीन उदाहरणं सांगते. या मालिकेत यानाच्या मुख्य अभियंत्याचं काम करणारा जेम्स डूहन हा मूळचा कॅनडाचा. ६ जून १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या कॅनडाच्या सैन्यात तो होता. तिथे त्याला गोळ्या लागल्या आणि उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. पडद्यावर ते दिसू नये म्हणून तो हात लपवत असे. या डूहनला एकदा एका चाहतीचं पत्र आलं. ते वाचून त्याला कळलं की ही मुलगी जीव द्यायच्या बेतात आहे. त्याने तिला फोन केला आणि सांगितलं, अमुक गावी मी संमेलनाला येतो आहे, तू मला तिथे भेटायला ये. ती आली. मग पुढच्या संमेलनाला बोलावलं, मग त्याच्या पुढच्या. असं दोनेक वर्षं चाललं. नंतर ती दिसेनाशी झाली. आणि बऱ्याच वर्षांनी तिचं पत्र आलं, की मी इलेक्ट्रॉनिक्स अभियांत्रिकीची पदव्युत्तर परीक्षा उत्तीर्ण झाले. हे डूहनने १९९७ च्या 'ट्रेकीज' या माहितीपटात सांगितलं आहे, आणि सांगताना त्याचा गळा दाटून येतो. नातवाने मला तो भाग मुद्दाम दाखवला. "पुढच्या आठवड्यात भेटू" एवढंच तो तिला देऊ शकत होता, पण ते त्याने सोडलं नाही.

दुसरी निशेल निकोल्स. संदेशयंत्रणा सांभाळणारी कृष्णवर्णीय अधिकारी. १९६६ च्या अमेरिकेत एका कृष्णवर्णीय स्त्रीला पडद्यावर मोलकरणीऐवजी अधिकाऱ्याचं काम मिळणं ही साधी गोष्ट नव्हती. तरी पहिल्या हंगामानंतर ती मालिका सोडणार होती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून "सोडू नकोस" असं सांगितलं म्हणून ती थांबली, ही आठवण ती नेहमी सांगे. १९७५ च्या सुमारास एका संमेलनात तिने नासाच्या एका शास्त्रज्ञाचं भाषण ऐकलं आणि तिच्या मनाने घेतलं, की अंतराळवीरांत आमच्यासारखे का नाहीत? १९७७ मध्ये नासाने तिलाच स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अर्ज करायला उद्युक्त करण्याचं काम दिलं. १९७८ च्या तुकडीत पहिल्यांदाच स्त्रिया आणि कृष्णवर्णीय निवडले गेले. पुढे १९९२ मध्ये अंतराळात गेलेली पहिली कृष्णवर्णीय स्त्री मे जेमिसन हिने आपली प्रेरणा म्हणून निशेलचंच नाव घेतलं.

तिसरी ग्रेस ली व्हिटनी. हिला तर पहिल्याच हंगामात काढून टाकलं. ती दारूच्या आहारी गेली, काम मिळेना. मालिकेतले डॉक्टर म्हणजे डिफॉरेस्ट केली तिला योगायोगाने भेटले आणि म्हणाले, अगं, संमेलनांत लोक तुझी चौकशी करतात. तिला वाटत होतं, जग आपल्याला विसरलं. त्या चौकशीने तिला माणसांत परत आणलं. दारू सुटायला पुढे आणखी वर्षं गेली, पण परतीची वाट तिथून सुरू झाली.

हे सगळं ऐकताना मला सारखी आपली शाळा आठवत होती. बाजारात भाजी घेताना मागून हाक येते, "बाई, ओळखलंत का?" टक्कल पडलेला गृहस्थ माझ्यासमोर वाकतो आणि सांगतो, तुम्ही सातवीत माझा निबंध वर्गात वाचून दाखवला होता. मला काही म्हणजे काही आठवत नसतं. पण त्याने तो क्षण चाळीस वर्षं जपलेला असतो. अशा वेळी "नाही बाई आठवत" म्हणून पुढे जाता येत नाही. पिशवी खाली ठेवायची आणि ऐकायचं. ते ऐकणं हाही शिकवण्याचाच राहिलेला भाग आहे, असं मला आता वाटतं. नटाचंही तेच. काम त्याने केव्हाच केलं, पण ते पोचल्याची पावती आता येते आहे, आणि ती घ्यायला माणूस जागेवर हवा.

अर्थात माझ्याकडे असे दोन-चार जण महिन्याला येतात. त्यांच्याकडे दिवसाला शेकडो. प्रत्येक माणूस आयुष्यात एकदाच विचारत असलेला प्रश्न त्यांनी दहा हजारदा ऐकलेला असतो. वैताग येणारच. टोकदार कानांच्या स्पॉकचं काम करणाऱ्या लिओनार्ड निमॉयने १९७५ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, त्याचं नाव 'मी स्पॉक नाही'. चाहते दुखावले. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, दुसरं लिहिलं, 'मी स्पॉक आहे'. शॅटनरने तर १९८६ मध्ये एका विनोदी कार्यक्रमात अशा संमेलनातल्या चाहत्यांना झापलं होतं, की जरा आपापलं आयुष्य बघा! पुढे त्यानेच या चाहत्यांवर आपुलकीने पुस्तक लिहिलं, आणि नव्वदी ओलांडल्यावरही तो संमेलनांना जात राहिला. रागाकडून जिव्हाळ्याकडे यायला त्यांनाही बरीच वर्षं लागली.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर हा लेख म्हणजे नुसती आरती होईल.

निमॉयने २०११ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, संमेलनांचा निरोप घेतला. पुरे म्हणाला आणि थांबला. डूहनला स्मृतिभ्रंश झाल्याचं २००४ च्या जुलैत जाहीर झालं आणि ऑगस्टअखेर हॉलीवूडमध्ये त्याच्यासाठी निरोपाचं संमेलन भरलं. चंद्रावर पहिलं पाऊल टाकणारे नील आर्मस्ट्राँग, जे सहसा कुठे जात नसत, ते आवर्जून आले. ते स्वतः अभियंता, आले होते पडद्यावरच्या अभियंत्याला मान द्यायला! पुढच्या वर्षी डूहन गेला. हा निरोप नीट झाला.

पण निशेलच्या शेवटच्या वर्षांबद्दल वाचलं तेव्हा पोटात कालवलं. २०१८ मध्ये तिलाही स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, आणि तिची काळजी कुणी घ्यायची, तिचे व्यवहार कुणी बघायचे, यावरून तिच्या माणसांत कोर्टकचेरी झाली. ती डिसेंबर २०२१ मध्ये लॉस एंजलिसच्या संमेलनात अखेरची दिसली आणि जुलै २०२२ मध्ये, ८९ व्या वर्षी गेली. कुणाचं खरं, कुणाचं खोटं, हे मी इथे बसून ठरवणार नाही. पण प्रश्न उरतोच. ज्या माणसाला "आज नको, दमले" हे सांगता येत नाही, त्याच्या वतीने ते कुणी सांगायचं? मुलांनी, की व्यवस्थापकाने, की रांगेतल्या आपण?

म्हणून माझं मत असं आहे. टेबल मांडून सहीचे पैसे घेण्यात लाज नाही. ते कष्टाचे पैसे आहेत, ऐकण्याची बिदागी आहे. लाज आहे ती "पुरे" म्हणायचा त्या माणसाचा हक्क हिरावून घेण्यात. आणि हे काही अमेरिकेतल्या नटांपुरतं नाही. आपल्याकडेही वयोवृद्ध कलावंतांना, लेखकांना, धरून-धरून व्यासपीठावर नेऊन बसवतात, तास न् तास. सत्कार त्यांचा, हौस आपली. तिथे एकही पैसा हात बदलत नाही म्हणून आपल्याला ते पवित्र वाटतं. मला विचाराल तर चाळीस डॉलर घेऊन, पाच वाजले की टेबल आवरून हॉटेलवर जाणारा माणूस जास्त सुखी आहे.

असो. त्या शनिवारचं राहिलंच.

आमचा नंबर आला. ज्यांच्या टेबलाशी आम्ही होतो ते मालिकेतले मोठे नट नव्हेत. तिसऱ्या हंगामातल्या एका भागात त्यांचं छोटंसं काम होतं. बरेच थकलेले, हात किंचित कापत होता. त्यांनी पिवळी चिठ्ठी वाचली. नातवाने स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं, आजोबांचं लिहिलं होतं. मला ते तोवर माहीतच नव्हतं. "हे कोण?" त्यांनी विचारलं. नातू म्हणाला, आजोबा, भारतात होते, आता नाहीत, आम्ही दोघं मालिका बघत होतो, ६१ भाग झाले होते. त्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "मग उरलेले अठरा तू पाहिलेस का?" नातवाने मान हलवली, नाही. ते हसले. "पाहा. मी त्यातल्याच एकात आहे!" मग सावकाश, एकेक अक्षर जुळवत, त्यांनी ह्यांचं नाव लिहिलं. मदतनीस घड्याळाकडे बघत होता, पण त्यांनी घाई केली नाही. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, प्रवास फार झाला असेल ना तुम्हाला? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, तुमच्याइतका नाही.

दोन मिनिटं झाली असतील. सवातीन हजार रुपये महाग पडले असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. बाहेर आल्यावर मी नातवाची माफी मागितली. आजीने नातवाची माफी मागण्याची आमच्या घरात ही पहिलीच वेळ असेल.

ते अठरा भाग मग मी त्याच्याबरोबर पाहायला बसले. मला अजूनही फारसं कळत नाही. ह्यांच्यासारखं वादही घालता येत नाही, मी आपली मधूनमधून "हा कोण?" एवढंच विचारते. पण ते कापऱ्या हाताचे गृहस्थ ऐन तरुणपणी पडद्यावर आले तेव्हा मी त्यांना ओळखलं, नातवाच्याही आधी.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी जुना नट कुठल्या मांडवात पैसे घेऊन फोटो काढताना दिसला, तर "बिचारा" म्हणू नका. जमलं तर रांगेत उभे राहा. आपलं काय ते थोडक्यात सांगा, त्यांच्या तब्येतीची चौकशी करा, आणि मागच्या माणसाला जागा द्या. ज्येष्ठ नागरिक संघात त्या दिवशी मी हे बोलले नाही. येत्या बुधवारी बोलणार आहे.